खाऱ्या पाण्याच्या टँकमधले किडे: कोणते राहू द्यायचे आणि ते ओळखायचे कसे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. टँक आठ महिन्यांचा. आत लाइव्ह रॉक (जिवंत जीवजंतू वस्तीला असलेले समुद्री दगड), वाळूचा थर, दोन क्लाउनफिश, थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आणि सहा गोगलगायी. रात्री दिवे गेल्यावर टॉर्च मारला तर दगडाखालून बोटभर लांबीचा, गुलाबट, दोन्ही कडांना पांढरे केस असलेला किडा निघाला. मग तुम्ही शोधायलाच बसलात. काचेवर पांढरी बारीक वेटोळी सापडली, दगडाच्या भोकातून वाळूवर पसरलेले पांढरे धागे दिसले, एका दगडाला चिकटलेली काळपट तोंडाची नळी दिसली. आणि परवा सकाळी एक गोगलगाय मेलेली मिळाली, तिच्या शंखात तेच केसाळ किडे, तीन-चार. आता तुम्ही सगळे दगड बाहेर काढून उकळायच्या तयारीत आहात.

दगड उकळू नका. बाकी सगळीकडे चूक झाली तर एखादा प्राणी जाईल, इथे चूक झाली तर घरातलं माणूस दवाखान्यात जाईल. लाइव्ह रॉकवर झोअँथिड जातीचे पॉलिप, म्हणजे कोरलचे छोटे फुलासारखे नातलग, असू शकतात, कधी तुमच्या लक्षातही न आलेले. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. ते उकळून नाहीसं होत नाही, उलट उकळताना वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून हवेत पसरतं. असे दगड उकळल्याने किंवा त्यांच्यावर कढत पाणी ओतून घासल्याने घरातल्या सगळ्यांना श्वासाचा त्रास, ताप, डोळ्यांची आग अशी लक्षणं झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. एखाद्या दगडाचं काही करायचंच झालं तर हातमोजे आणि चष्मा घालून, थंड पाण्यात करा.

आता त्या गोगलगायीकडे येऊ, कारण सगळा संशय तिथूनच सुरू झालाय.

तुम्ही वर्णन केलेला गुलाबट केसाळ किडा बहुधा युरिथोई कॉम्प्लॅनाटा किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. टँकवाले त्याला सरसकट ब्रिसलवर्म म्हणतात. या किड्याला जबडा नसतो. घशाचा स्नायूंचा भाग तो तोंडातून बाहेर काढतो, त्याने सैल पडलेलं मांस खरवडतो आणि आत ओढतो. धडधाकट गोगलगाय शंखात शिरून दाराशी झाकण ओढून घेते, आणि ते झाकण फोडायला या किड्याकडे काहीही नाही. मेलेली गोगलगाय मात्र त्याला वासावरून सापडते. तुम्ही झोपेत असताना ती मेली आणि तिचा अमोनिया पाण्यात उतरायच्या आत हे तिघे-चौघे तिथे पोचले. सकाळी तुम्ही पाहिलंत ते सफाईचं काम होतं.

मग ती मेली कशाने? आठ महिन्यांच्या टँकमध्ये माझा पहिला अंदाज उपासमारीचा असतो. सुरुवातीचे काही महिने काचेवर आणि दगडांवर शेवाळ भरपूर असतं, गोगलगायी त्यावर पोसतात. टँक स्थिरावला की शेवाळ कमी होतं आणि सहा तोंडांना ते पुरत नाही. दुसरी शक्यता खारटपणातल्या झटक्याची. आटलेल्या पाण्याची भर घालायची राहिली आणि मग एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलं, तर मासे सहन करतात, गोगलगायी करत नाहीत. वाळूवर उलटी पडलेली गोगलगायही कधी कधी पुन्हा सरळ होऊ शकत नाही आणि तशीच संपते. माशांसाठी तांबं असलेलं औषध कधी याच टँकमध्ये वापरलं असेल तर तेही कारण असू शकतं, ते आठवून पाहा. उरलेल्या पाचांना आठवड्यातून दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) छोटा तुकडा दगडाला बांधून द्या आणि खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ ते १.०२६ च्या आसपास स्थिर आहे ना ते बघा.

ओळखण्याकडे वळू. सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. एकाच जातीचा किडा खाल्लेल्या अन्नाप्रमाणे आणि वयाप्रमाणे करडा, नारिंगी, गुलाबी दिसतो, आणि टँकच्या निळ्या दिव्याखाली तर काहीही दिसू शकतं. त्यामुळे रंग शेवटी विचारात घ्यायचा. दिवे बंद झाल्यावर तास-दीड तासाने टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून बसा. बहुतेक समुद्री प्राण्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते आपापलं काम चालू ठेवतात. मग तीन गोष्टी बघा: अंगावर वळ्या आहेत का, कडांना काय आहे, आणि डोक्यावर काय आहे. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमका तोच फोटो कुणी काढत नाही. मला आजवर आलेल्या फोटोंपैकी बहुतेक किड्याच्या मधल्या भागाचे असतात, आणि मधल्या भागावरून निम्म्या जाती सारख्याच दिसतात.

शाळेत वलयांकित प्राण्यांचा धडा झाला असेल तर गांडूळ, जळू आणि नेरीस ही नावं आठवत असतील. त्यातला नेरीस हाच आपल्या टँकमधल्या बहुतेक किड्यांचा प्रतिनिधी. प्रत्येक वळीच्या दोन्ही बाजूंना पायासारखे परापाद, त्यांच्यावर दृढरोमांचे, म्हणजे ताठ केसांचे, झुबके. या गटाला पॉलिकीट म्हणतात, म्हणजे पुष्कळ रोम असलेले. आजवर त्यांच्या दहा हजारांहून जास्त जातींचं वर्णन झालेलं आहे. त्यामुळे घरबसल्या फोटोवरून जात सांगणं बहुतेक वेळा शक्य नसतं. कुळापर्यंत मात्र पोचता येतं, आणि राहू द्यायचं की काढायचं हे ठरवायला कूळ पुरेसं असतं.

ब्रिसलवर्मबद्दल ऐकलं की पाठोपाठ फायरवर्मची भीती येते, म्हणून त्या दोघांमधला फरक नीट सांगते. मजेची गोष्ट अशी की युरिथोई आणि खरा दाढीवाला फायरवर्म, हर्मोडिसी कॅरुन्क्युलाटा, या दोघांचंही वर्णन पीटर सायमन पॅलस या निसर्गशास्त्रज्ञाने १७६६ मध्येच केलं, आणि अडीचशे वर्षांनंतरही लोक त्यांची गल्लत करतात. दोघे एकाच कुळातले, त्यामुळे ते साहजिकही आहे. हर्मोडिसी अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. तुमचे दगड हिंदी किंवा प्रशांत महासागराकडचे असतील तर तो असण्याची शक्यता तिथेच बरीच कमी होते. दिसायला तो जाड आणि भरदार असतो, वळ्या चौकोनी आणि ठसठशीत, आणि प्रत्येक वळीवर पांढऱ्या रोमांच्या बुडाशी तांबड्या-नारिंगी कल्ल्यांची दाट झुडपं. डोक्यामागे चुण्या पडलेला मांसल तुरा असतो, कॅरंकल म्हणतात त्याला. युरिथोईला तो असतो, पण इतका लहान की भिंगाशिवाय दिसत नाही.

वागणूक त्याहून स्पष्ट बोलते. हर्मोडिसी उघड्यावर कोरलच्या फांदीवर चढतो, टोक तोंडात घेतो आणि ते पांढरं पडेपर्यंत सोडत नाही. युरिथोई उजेड पडला की दगडाखाली पळतो. तुमचा किडा टॉर्च लागताच मागे सरकला असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय कोरलवर कुठेही पांढरे डाग नाहीत. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

निरुपद्रवी म्हणजे हातात घेण्याजोगा नव्हे, हेही लक्षात ठेवा. डिवचल्यावर तो रोम फुलवतो, ते काचेसारखे ठिसूळ असतात आणि कातडीत मोडून राहतात. आग होते, सूज येते. युरिथोईच्या अंगातून कॉम्प्लॅनाइन नावाचा दाह निर्माण करणारा पदार्थही वेगळा करण्यात आलेला आहे. दगड उचलताना जाड हातमोजे घाला. रोम रुतलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा, दोन-तीनदा करा, मग कोमट पाण्यात हात ठेवा. सूज पसरत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि चिमट्याने ओढून त्याचे तुकडे करू नका. युरिथोई तुकड्यांमधून वाढतो. मधोमध तुटला तर पुढचा भाग शेपूट तयार करतो आणि मागचा भाग डोकं. निसर्गातही त्याच्या प्रजननाची ही एक नेहमीची पद्धत आहे. चिडून केलेल्या शिकारीने त्याची संख्या वाढते.

संख्या किती असावी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो विचारायला हवा. किड्यांची संख्या टँकमध्ये पडणाऱ्या उरल्यासुरल्या अन्नाबरोबर चालते. रात्री दोन-चार दिसणं हे ठणठणीत टँकचं लक्षण. दिवसाढवळ्या डझनभर बाहेर येत असतील, खाणं टाकताच चहूकडून धावत असतील, तर खाणं जास्त पडतंय. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच द्या, दगडांमागे साचलेली घाण पंपाच्या झोताने उडवून काढा, आणि दीड-दोन महिने थांबा. संख्या आपोआप उतरते. घाई असेल तर पातळ नायलॉनच्या मोज्यात कोळंबीचा तुकडा बांधून रात्री वाळूवर ठेवा. रोम जाळीत अडकतात आणि पहाटे मोज्यासकट ते उचलता येतात. सिक्सलाइन रॅस, ॲरो क्रॅब, कोरल बँडेड श्रिंप हे त्यांना खातात खरे, पण केवळ त्यासाठी ते आणू नका. ॲरो क्रॅब मोठा झाला की लहान माशांवरही हात टाकतो, आणि सिक्सलाइन रॅस नंतर आणलेल्या शांत माशांना छळतो.

ज्याची खरोखर काळजी करावी असा केसाळ नसलेला एक गट आहे, तो इथेच सांगून टाकते. युनिसिड. डोक्यावर पाच शृंगिका (मिशांसारखे स्पर्शक), अंगावर तेल सांडल्यासारखी सप्तरंगी झाक, आणि रबर ताणून सोडल्यासारखं झटक्यात भोकात परतणं. त्यांना मजबूत जबडे असतात. लहान युनिसिड शेवाळ आणि पडलेलं अन्न खाऊन राहतात आणि कितीतरी टँकमध्ये ते वर्षानुवर्षं कुणाला न कळता असतात. मोठा झालेला मात्र मऊ कोरल आणि झोपलेला मासाही पकडू शकतो. याच गटातला युनिसी ॲफ्रोडिटॉइस, ज्याला बॉबिट वर्म म्हणतात, किती वाढतो याचा एक नोंदलेला दाखला आहे: २००९ मध्ये जपानमधल्या शिराहामाच्या सेतो मासेमारी बंदरात एका तराफ्याला तरंगत ठेवणाऱ्या भागात २९९ सेंटीमीटर लांबीचा, ६७३ वळ्यांचा किडा सापडला. तो तराफा १३ वर्षं तिथेच नांगरलेला होता आणि आत काय वाढतंय याचा कुणाला पत्ता नव्हता. म्हणून माझा आग्रह डोक्याच्या फोटोचा. पाच शृंगिका दिसल्या आणि किडा पेन्सिलीएवढा जाड असेल, तर तो दगड वेगळ्या भांड्यात काढून ठेवा. हाताने ओढाताण करू नका, तो तुटतो आणि उरलेला भाग दगडात राहतो.

आणखी एक: गोगलगायी एकामागून एक मरायला लागल्या, पाणी ठीक आहे, खाणं मिळतंय, तरीही मरतायत, तर रात्री ओनोनी नावाचा किडा शोधा. नारिंगी, गुळगुळीत, कडांना ठळक केस नाहीत, डोक्यावरही काही नजरेत भरत नाही, आणि अंगातून भरपूर चिकट स्राव. तो शिंपल्या-गोगलगायींना त्या स्रावात गुंडाळतो आणि खातो. तुमच्याकडे आठ महिन्यांत एकच गेली आहे, त्यामुळे मी आज त्याच्या मागे लागणार नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोन गेल्या तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

आता माझ्या आवडीच्या किड्यांकडे. वाळूवर पसरलेले पांढरे धागे हे स्वतंत्र किडे नाहीत. ते एकाच किड्याचे हात आहेत. किडा दगडाच्या भोकात किंवा वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेला असतो, आणि तिथून वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत धागे सोडतो. टँकवाले त्याला स्पॅगेटी वर्म म्हणतात, शास्त्रीय कूळ टेरेबेलिड. भिंग घेऊन एक धागा पंधरा मिनिटं बघा. धाग्याच्या लांबीभर पन्हळीसारखी खाच असते, आणि तिच्यातली सूक्ष्म लव सतत हलत कण तोंडाकडे वाहून नेते. मोठा कण आला की अख्खा धागा आकसून त्याला ओढतो. माशांच्या खाण्याचा चुरा, विष्ठा, कुजकं शेवाळ, जे जे तुम्हाला सायफनने काढावं लागलं असतं ते हा प्राणी दिवसरात्र उचलत असतो. कोरलला तो धागा लागला तरी काही होत नाही.

त्याचा एक जोडीदार आहे, सिराट्युलिड, हेअर वर्म. लांबून दोघे सारखेच दिसतात. टेरेबेलिडचे सगळे धागे डोक्याशी एका जागी जमलेले असतात, सिराट्युलिडचे अंगाच्या लांबीवरून ठिकठिकाणाहून निघतात, त्यातले काही कल्ले असतात आणि रक्तामुळे लालसर दिसतात. उपयोग दोघांचाही तोच. सुरुवातीच्या वर्षांत मी हे धागे घाण समजून एका टँकमधली वाळू पूर्ण काढून धुतली होती. काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर बसला, खालचा भाग घट्ट होऊन काळा पडू लागला, आणि मी दर आठवड्याला हाताने ती ढवळत बसले. दुसऱ्या जुन्या टँकमधली मूठभर जिवंत वाळू आणून टाकल्यावर धागे परत दिसायला जवळजवळ वर्ष लागलं. तेव्हापासून हे धागे दिसले की मी वाळूला हात लावत नाही.

काचेवरची वेटोळी स्पायरॉर्बिड आहेत. एक ते तीन मिलिमीटरची चुनखडीची नळी, गोगलगायीच्या शंखासारखी सपाट गुंडाळलेली. भिंगातून बघितलं तर तोंडाशी पिसांचा इवलासा मुकुट दिसतो, आणि सावली पडली की तो आत जाऊन नळीला बूच बसतं. समुद्रातल्या पुष्कळ किड्यांची पिल्लं आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगतात आणि आपल्या फिल्टरमध्ये, स्किमरमध्ये (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्रात) संपतात. स्पायरॉर्बिड मात्र अंडी स्वतःजवळ सांभाळतो, आणि बाहेर पडलेलं पिल्लू थोड्याच वेळात जवळपास चिकटतं. म्हणून घरच्या टँकमध्ये इतके कमी पॉलिकीट वाढताना दिसतात आणि हा मात्र काचेपासून पंपाच्या पात्यापर्यंत सगळीकडे. पाणी गाळून खातो, कुणाला त्रास देत नाही. समोरच्या काचेवर नको असेल तर पट्टीने खरवडा. पंपाचं पातं दर तीन-चार महिन्यांनी काढून साफ करा, कारण तिथे चुन्याचे थर साचून प्रवाह कमी होतो.

याच्या मोठ्या नातलगांपैकी फेदर डस्टर, म्हणजे नळीतून पिसांचा मोठा मुकुट पसरणारा किडा, तुम्ही पाहिलाच असेल. नळी मऊ चामड्यासारखी असेल तर सॅबेलिड, दगडासारखी टणक असेल तर सर्पुलिड. सॅबेलिडने मुकुट टाकून दिला तर घाबरून नळी फेकू नका. पाणी बदलल्यावर किंवा कुणी चावल्यावर तो मुकुट सोडतो आणि काही आठवड्यांत नवा उगवतो. नळीतून काही दिवसांनी कुजका वास आला, तरच तो गेला असं धरा.

दगडातून निघून हलणाऱ्या बारीक जोड्या दिसतात का? नेहमी दोन, पाण्यात चाबकासारख्या फिरणाऱ्या. ते स्पायोनिड किंवा कीटॉप्टेरिड. दोघेही नळीत राहतात, दोघेही पाण्यातले कण वेचतात. सोडून द्या.

दगडाच्या भोकातून करड्या-तपकिरी रंगाची सोंड बाहेर येते, आजूबाजूचं चाटते आणि हातमोज्याचं बोट उलटं करावं तशी आतल्या आत परतते, वळ्या नाहीत, केस नाहीत: तो पीनट वर्म, सायपंक्युलिड. दगड पोखरून राहतो आणि पृष्ठभागावरचा गाळ खातो. त्याचा आकार शेंगेसारखा असतो हे तुम्हाला तो दगड फुटल्याशिवाय दिसणार नाही.

हिरवी सोंड दिसली, टोकाला दुभागलेली, तर तुम्ही नशीबवान आहात. बोनेलिया. मादीची सोंड मीटरभर लांबू शकते आणि नर काही मिलिमीटरचा, तो मादीच्याच शरीरात राहतो. पिल्लू मोकळ्या तळावर उतरलं तर बहुधा मादी होतं, मादीच्या अंगावर उतरलं तर नर. हे टँकमध्ये क्वचितच दिसतं, पण दिसलं तर तो दगड विकू नका.

काचेवर सरपटणारे दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे ठिपके हे बहुधा लहान चपटकृमी असतात, आणि अंग झटकत सरळ रेषेत उड्या मारणारे ठिपके कोपेपॉड, म्हणजे किडे नव्हेत, माशांचं खाद्य. एस अक्षरासारखे वळवळणारे पारदर्शक केस गोलकृमी असतात. सगळे चालतील. एकच अपवाद सांगून ठेवते. तांबूस-तपकिरी, चपटे, मागच्या टोकाला तीन पालवांसारखे भाग असलेले कृमी उजेडाच्या जागी चिकटलेले दिसले, तर त्यांना रेड प्लॅनेरिया म्हणतात, शास्त्रीय नाव कन्व्होल्युट्रिलोबा. अंगातल्या सूक्ष्म शेवाळामुळे त्यांना उजेड हवा असतो. दहा-वीस असताना ते कुणाचं काही बिघडवत नाहीत. हजारो झाले की कोरलवरचा उजेड अडवतात, आणि तेव्हा औषध टाकून एकदम मारले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात येऊन मासे मरू शकतात. म्हणून ते थोडे असतानाच पातळ नळीने रोज शोषून काढायचे. औषध वापरायचंच झालं तर आधी जमतील तेवढे शोषून घ्या, ॲक्टिव्हेटेड कार्बन (विष शोषून घेणारा कोळसा) आणि बदलायचं पाणी हाताशी ठेवा, मग वापरा.

एखाद्या रात्री अचानक पाण्यात बारीक लालसर किडे वेड्यासारखे गोल पोहताना दिसले, तर रोग समजू नका. ते बहुधा सिलिड असतात. काही सिलिड जातींत शरीराचा मागचा भाग अंड्यांनी किंवा शुक्राणूंनी भरतो, त्याला स्वतःचे डोळे फुटतात, आणि तो मूळ किड्यापासून सुटून पोहत निघतो. मूळ किडा दगडातच राहतो. सकाळपर्यंत सगळं संपलेलं असतं आणि माशांचं पोट भरलेलं.

किडा नसलेल्या दोन गोष्टींवरही लोक किडा म्हणून हात टाकतात. भोकातून निघालेला, पट्टेदार, काटेरी, सापासारखा वळणारा हात बहुधा ब्रिटल स्टारचा (लांब हातांच्या, ताऱ्यासारख्या समुद्री प्राण्याचा) असतो, आणि असा एक दिसला की शेजारी आणखी एक-दोन हात सापडतात. लांब, लोंबता, बोटाला चिकटणारा आणि तोंडाशी पिसांसारखे स्पर्शक असलेला प्राणी सिनॅप्टिड समुद्री काकडी असू शकतो. तोही गाळच खातो, पण पंपात अडकून फाटला तर विषारी द्रव्यं सोडू शकतो, म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज लावा.

राहिली तुमची ती काळपट तोंडाची नळी, आणि तुमच्या यादीतली मला खटकणारी गोष्ट तीच आहे. ती व्हर्मेटिड असू शकते. नळी किड्याची वाटते, पण आतला प्राणी गोगलगाय आहे, दगडाला कायमची चिकटलेली. ती चिकट स्रावाचं जाळं पाण्यात सोडते, त्यात अडकलेले कण जाळ्यासकट ओढून खाते. तेच जाळं शेजारच्या कोरलवर पडत राहिलं की कोरल मिटून बसतं. आज रात्री पंप बंद करा आणि नळीजवळ चिमूटभर बारीक भुकटी खाद्य सोडा. पिसांचा मुकुट उघडला तर तो सर्पुलिड आहे, आनंदाने ठेवा. मुकुट नाही आणि नळीच्या तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखा चकाकणारा धागा लांबत गेला, तर उद्या नळी बुडाशी तोडा आणि उरलेल्या भोकावर सुपरग्लू जेलचा थेंब दाबून बसवा. एकच असेल तर काम तिथेच संपतं. फोटो काढणार असाल तर नळीच्या तोंडाचा, समोरून, पंप बंद असताना काढा.